बांधावरची बाळंतीण

दोराची गाठ मारायला मलाच का बसवलं, ते आधी सांग. खुशाली मग विचारीन. घरात बा होता, काका होता, आजी होती. रोज बैल बांधणारे एवढे हात असताना तुझ्या पायाला दोर बांधायला दुसरीत शिकणारी पोर लागली. कारण काय, तर दुसरं कुणी जवळ आलं की तू चावायचीस, आणि मी आले की मुकाट पाय पुढे करायचीस. मोठा मान दिलास. त्या मानापायी माझी शाळा सुटली. जोडाक्षरं नुकती सुरू झाली होती, ती तिथेच राहिली. म्हणून इथे काही वेडंवाकडं लिहिलं गेलं तर हसू नकोस. तुला तर तेवढंही येत नव्हतं.

तर आये, बरी आहेस असं धरून चालते. तू मला ओळखायची नाहीस. तुझे केस भगतानं कापले ते परत उगवले तेही काळेच होते, माझे पांढरे होऊनही जमाना लोटला. एवढ्या वर्षांत तुला लिहावंसं कधी वाटलं नाही, आणि आजही काही माझा ऊर भरून आलेला नाही. कारण वेगळं आहे. माझ्या लेकाची लेक, म्हणजे तुझी पणती, रेवसच्या बाजूला दिलेली, दोन महिन्यांपूर्वी बाळंत झाली. मुलगा झाला. बारसं झालं आणि पोरीची झोप उडाली. पाळण्यातलं पोर माझं नाही, माझं इस्पितळात राहिलं, ते आणून द्या, असं म्हणत ती दाराकडे तोंड करून बसू लागली. सासरा खार जमीन विकून ट्रकवाला झालेला. त्यानं तिला ट्रकमध्ये पुढे बसवून आणलं, आमच्या अंगणात उतरवलं, आणि पोर तिकडेच ठेवून घेतलं. उभ्या उभ्या माझ्या लेकाला म्हणाला, "व्याही, तुम्ही आम्हाला फसवलंत. तुमच्या रक्तात येड हाय. आधी सांगितलं असतं तर सोयरीक केली नसती." लेक खाली मान घालून उभा. मी म्हटलं, बसा, चहा घ्या, फसवणुकीचं मग बोलू. तो बसला नाही. माझा चहा तसाही कुणाला आवडत नाही.

आता या रविवारी चार माणसं बसणार आहेत. पोरीला परत न्यायची की कायमची इथेच टाकायची, आणि पोर कुणाकडे राहील, ते ठरणार. माझा लेक मला सांगून बसलाय, आये, तुझ्या आयेचं काय बोलू नको. तू बोललीस की पोरीचं पोर गेलंच समज. म्हणून मी आधी तुझ्याशी बोलून घेते. चार माणसांसमोर काय सांगायचं ते मला लिहिल्याशिवाय नीट सुचत नाही.

मिठाचा कायदा मोडायला लोक निघाले त्याच्या आधीचा पावसाळा. माझ्या धाकट्या भावाची पाचवी पुजून झाली होती, बारसं व्हायचं होतं. तू बाजेवर, खाली शेगडी, खोलीत ओव्याचा धूर. अवसेचं उधाण भर दुपारी आलं आणि पाणी सोडायच्या उघाडीच्या शेजारी बांधाला खांड पडली. गावाचा नियम तुला ठाऊकच आहे. खांड पडली की घरटी एक माणूस बांधावर उभा पाहिजे, नाहीतर ते घर वाळीत. काका मिठागरावर होता, तो तिकडचा बांध धरत होता. पाळी बाची होती, आणि बा रेवसच्या धक्क्यावर कोंबड्यांची झुंज लावून बसला होता. आजीनं पोर मांडीवर घेतलं आणि तुला म्हणाली, "पोर मी बघते. घरचा एक माणूस बांधावर दिसला पायजे." बस, एवढंच. तू उठलीस. बाळंतिणीला डोक्याचं फडकं काढू देत नाहीत, वारा लागू देत नाहीत, आणि तू छातीएवढ्या खाऱ्या पाण्यात उभी राहिलीस. मी पाटीतून चिखलाचे गोळे आणून देत होते. माणसं हातात हात अडकवून पाण्यात भिंत करून उभी आहेत, पाठीमागे चिखल आणि झाडोरा पडतो आहे, आणि तुझ्या लुगड्याभोवती पाणी लाल होतं आहे. ते मी बघते आहे. मला वाटलं चिखलाचाच रंग. ओहोटी लागेपर्यंत तू हललीस नाहीस. बांध राहिला. संध्याकाळी बा आला, त्याचा कोंबडा हरला होता, तो त्याच रागात जेवला.

पुढचं तुला आठवत असेल की नाही मला माहीत नाही, म्हणून सांगते. तुझं दूध आटलं. भाऊ आठवडाभरात गेला. आणि तू चिखल आणायला लागलीस. खाडीवरून पदरात चिखल भरून आणायचीस आणि घरातली भोकं बुजवायचीस. उंदराचं बीळ, मोरीचं तोंड, भिंतीतली फट. कुणी विचारलं तर म्हणायचीस, "पानी येतंय. ऐकू येत न्हाय का तुमाला?" एके दिवशी चुलीचं तोंडच बुजवून ठेवलंस आणि घर उपाशी राहिलं. तेव्हा बानं भगत आणला. भगतानं केस कापले, नाकाखाली मिरच्यांची धुरी दिली, चिंचेच्या फोकानं मारलं. तू त्याच्या कानात बोट घालायला गेलीस, तिथलंही भोक बुजवायला. मला हसू आलं होतं. मग आजीनं मला असं मारलं की भगत बरा. त्यानंतर तुला मिठाच्या पाट्या ठेवायच्या पडवीत नेलं, मेढीच्या खांबाला दोर बांधला, आणि सकाळ-संध्याकाळची गाठ माझ्याकडे आली.

बाचं एक बरं होतं, त्याला लगेच कारण सापडलं. गावात कुणी विचारलं की म्हणायचा, हिच्या माहेरचं रक्तच तसं हाय, आमची काय चूक. त्याच्या तोंडी रक्त हा शब्द आला की मला बांधाजवळचं पाणी दिसायचं. पण मी म्हातारी झाले, खोटं बोलायचं वय राहिलं नाही, तेव्हा हेही लिहिते. बा सगळंच खोटं बोलत नव्हता. तुझी बहीण म्हसळ्याच्या बाजूला दिली होती. तिला कुणी बांधावर पाठवलं नव्हतं. तीही बाळंतपणात घरातून निघाली आणि खाडीत सापडली. आणि त्या दुपारी तुझ्या हातात हात अडकवून शेजारची काकी उभी होती. तीही ओली बाळंतीण, तिलाही वाळीत पडायचं भय. ती घरी आली, लुगडं बदललं, भात रांधला आणि नव्वद वर्षं जगली. मग फरक कसला, सांग. मी यावर पुष्कळ डोकं फोडलं. पुढे एकदा खरंच बांध फुटला आणि खारं पाणी शेतात बसलं, तेव्हा काकानं बियाण्याला शिव्या दिल्या. तेच बियाणं आमच्या उंचावरच्या वरकस तुकड्यात गुडघ्याएवढं उभं होतं. पण त्या खारवलेल्या शेतातही एका कोपऱ्यात दुसऱ्या घरच्या बियाण्याचं भात तग धरून होतं. तेव्हा बियाण्याचं काहीच नाही असंही मला म्हणता येत नाही, आणि सगळं बियाण्याचंच असंही नाही. काकाला मात्र शिव्या देणं सोपं पडलं. शिव्या दिल्या की बांध बांधायला लागत नाही.

तू पडवीत पाच-सहा पावसाळे काढलेस. मधे मधे बरी व्हायचीस, माझी वेणी घालायचीस, आणि विचारायचीस, "दोर कशाला गं?" मी सांगायची, बानं सांगितलं. तू म्हणायचीस, बरं. मग एका थंडीत जेवणं सोडलंस आणि गेलीस. गाठ मीच सोडली. दोर बानं धुवून बैलाला वापरला.

मग मला दिलं. माझं लग्न होताना तुझं सगळं लपवून ठेवलं होतं, पण गावात काय लपतं. माझी सासू जहाल बाई. तिचं जेवण करून मी जेवायला बसले की भाकरी मोजून द्यायची. मला पहिला मुलगा झाला आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मला भिंतीतून पाणी ऐकू येऊ लागलं. मी कुणाला बोलले नाही, पण उठून मोरीकडे जायला लागले. सासूनं ते पाहिलं. तिनं भगत बोलावला नाही. पोर माझ्याजवळून घेतलं, पाजायच्या वेळी आणून दिलं, आणि माझ्या खोलीच्या दारात आडवी पथारी टाकून सव्वा महिना तिथेच झोपली. त्या वर्षी मळणीच्या दिवसांत तिच्या घरी माणूस कमी होतं, तिचा नवरा बडबडत होता, तरी तिनं मला उंबऱ्याबाहेर पाय टाकू दिला नाही. मी उठले की म्हणायची, "पानी आलं त मी हाय. तू निज." मी निजायची. हळूहळू पाणी गेलं. तिला माझ्यावर माया होती असं समजू नकोस. तुझं तिला कळलं होतं, दुसरी सून आणायची ताकद नव्हती, हातची सून फुकट जाऊ नये एवढाच तिचा हिशोब. पण आये, ते एक वाक्य तुला कुणी बोललं असतं तर. ही गोष्ट मी बाला सांगितली नाही, नवऱ्याला नाही, लेकाला नाही. सासू मेली तेव्हा मी सगळ्यांपेक्षा जास्त रडले आणि लोकांना नवल वाटलं.

पोरीला मी अलिबागला डॉक्टरकडे नेलं. बरा माणूस. त्यानं विचारलं, घरात आधी कुणाला असं झालं होतं का. लेकानं माझ्या पायावर पाय ठेवला. मी पाय काढून घेतला आणि तुझं सांगितलं, मावशीचं सांगितलं, लेकाला बाहेर पाठवून माझंही सांगितलं. मग त्यानं पोरीला विचारलं, बाळंतपणानंतर झोप किती मिळाली. तेव्हा कळलं. बारशाच्या दुसऱ्याच दिवशी दिराची हळद होती. पोरीला तेलाच्या कढईपुढे वडे तळायला उभी केली, कारण घरची मोठी सून हळदीला दिसली पाहिजे. पोर या हातातून त्या हातात. अंगात ताप होता तरी सासूनं बोट लावून बघितलं नाही. डॉक्टर म्हणाला, "आजी, दोन्ही असतं. रक्तातून ओढ येते, पण बाईला कसं ठेवलं त्यावर पुढचं पुष्कळ असतं. औषध आहे याला. तिला झोपू द्या आणि एकटी सोडू नका." मी त्याला म्हटलं, हे कागदावर लिहून दे, आमचा व्याही ऐकून घेत नाही. तो म्हणाला, लिहून देतो, पण बोलावं तुम्हालाच लागेल.

पोर आता गोळ्या घेते. चार घास खाते. अजून मुलाचं नाव घेत नाही. बरी होईल का, ते मला माहीत नाही. ती निजते तेव्हा मी दारात पथारी टाकते, माझी हाडं बोलतात पण टाकते. रविवारी मी बोलणार. लेक काय म्हणेल ते म्हणो. आमच्या रक्तात आहे, हे मीच पहिलं सांगणार, व्याह्यानं माझ्या तोंडावर फेकायच्या आधी. मग तीन बायकांचं सांगणार. एक बांधावर गेली, एकीला दारात अडवली, एकीला कढईपुढे उभी केली. आणि विहिणीला विचारणार, हळदीला तुमच्या घरात दुसरी बाई नव्हती का. पोर नाही दिलं तर नाही देतील. पण लपवून दिलेली पोर मी होते, आणि लपवून काय होतं ते मला ठाऊक आहे.

हा कागद पोरीच्या गोळ्यांच्या डब्याखाली ठेवते, पुढे कुठे जायचा नाही. आणि एक सांगायचं राहिलं. अवसेच्या उधाणाला मी अजून मोरीच्या तोंडात फडकं कोंबते. कुणी विचारलं तर झुरळं येतात म्हणते.

दोराचं जे पहिलं विचारलं, त्याचं उत्तर तू देऊ नकोस. तू उठू नकोस तिथून. बाला सांग, यावेळी उत्तर द्यायला त्यानं यायचं.