वळणावर थांबलेली पावलं

अनिरुद्ध,

चिडू नकोस, पण तुझी चाल मी एका सिनेमात वापरली.

अंधेरीच्या स्टुडिओत अजून तेच काम करते. पडद्यावर नट चालतो, त्याच्या पावलांचा आवाज मी माझ्या पायांनी काढते. या सिनेमात नवरा घर सोडून जातो, पण तो दिसतच नाही. दिसते फक्त बंद दाराच्या आत उभी असलेली बायको. बाहेर जिना उतरणारी पावलं. म्हणजे अख्खा सीन माझ्या पायांवर.

सहा टेक वाया गेले. दिग्दर्शिका तेजल वैतागली, "श्रुतिका, हा माणूस दूध आणायला चाललाय गं!"

मग मी तुझ्यासारखे जड बूट घातले. आपल्या नाहूरच्या घराच्या जिन्यावरून तू जाताना उतरलास तशी, डावी टाच जराशी घासत सात पायऱ्या उतरले. वळणावर थांबले, चार श्वास होतील एवढा वेळ. उरलेल्या पायऱ्या भराभर.

तेजलचे डोळे भरले. "झकास! पण तो थांबला का? स्क्रिप्टमध्ये नव्हतं."

"असंच सुचलं," म्हटलं.

काल थिएटरात एकटीच जाऊन सिनेमा बघितला. त्या जागी शेजारची अनोळखी बाई पडद्याकडे बघून पुटपुटली, "अगं, उघड ना दार. थांबलाय तो."

तू थांबलेलं मला ऐकूच आलं नाही, असं मी तुझ्या आईला सांगितलं होतं. ऐकण्यावरच माझं पोट आहे रे. तेव्हा मी दाराच्या आत कडीवर हात ठेवून उभी होते.

श्रुतिका