वत्सलेसाठी दगड

११ फेब्रुवारी
सकाळी मोपेडवरून ओरत्तनाडु रोडला, पाथरवट सेल्वम आसारीच्या दगडांच्या आवारात. मागे बायको, रुक्मा. लेक वत्सला जाऊन पाच महिने. बागेत कालव्याकडच्या कोपऱ्यात तिच्या नावाचा दगड उभा करायचा, एवढंच ठरलंय.
सेल्वमनं काळ्या ग्रॅनाइटवर हातोडी वाजवली. घंटेसारखा नाद. "सार, ह्यात भेग नाही. नातवंडांची नातवंडं नाव वाचतील."
रुक्मा बाहेर गेली आणि रस्त्याकडेला ओकली.
मला आधीच सुचायला हवं होतं. जावयानं पोरीचं डोकं वरवंट्यानं ठेचलं. काळ्याच दगडाचा. लग्नात आम्हीच दिलेला.

१४ फेब्रु.
रुक्मा संगमरवरावर अडून. सेल्वम म्हणतो मऊ दगड, आपल्याकडच्या ओलीत शेवाळतो, पिवळा पडतो, घाव सोसत नाही. तेच मी तिला सांगितलं. मग ओरडलो. ताट भिरकावलं.
ती सांबार पुसत म्हणाली, "दोनदा पळून आली होती पोर. दोनदा तुम्हीच बसमध्ये बसवून दिलीत. दुसऱ्यांदा थोबाडीत मारून. आता दगड मी निवडते."
दुपारी पांढरा सांगून आलो.

२ मार्च
अक्षरं कुठली घालायची? माझ्या मनात मराठी. पण वाचणार कोण? नात मीनू आठ वर्षांची, तिला मराठी समजते, पण बोलते तमिळ. हल्ली तेही क्वचित. आईला मारलं त्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती.
तमिळ अक्षरं. नुसतं वत्सला. नवऱ्याचं नाव नाही.

९ मार्च
दगड बसला. उन्हात डोळे दिपतात. मीनूनं अक्षरं बोटानं गिरवली. रुक्मा दगडाला टेकून बसली, उठेचना.

१७ मार्च
वकिलाचा फोन. जावयाला जामीन. "रागाच्या भरात घडलं" असं त्यांचं म्हणणं.
 

२० मार्च
हात धुतले, तरी नखांत
लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझं मलाच खरं वाटणार नाही.
सकाळी नारळ सोलायला गेलो. मीनू फुलं घेऊन मागून येत होती. तो दगडापाशी उभा. दाढी वाढलेली, एकटाच.
"माझं नाव कुठाय? बायको माझी."
मी म्हटलं, निघ इथून.
त्यानं लाथ घातली. दगड डळमळला. दुसऱ्या लाथेला आडवा होऊन चौथऱ्यावर आपटला, नावाच्या मधोमध दुभंगला.
नारळ सोलायची पहार हातातच होती. पहिला घाव गुडघ्यावर. तो पडला, हात जोडले, "मामा, नको" म्हणाला. तिथेच थांबता आलं असतं. दुसरा डोक्यात घातला. तिसराही. लाकूड फोडताना येतो तसा आवाज.
मागे वळलो तर मीनू. फुलं हातातच.

२१ मार्च
तो जिवंत आहे, शुद्धीवर नाही. काल मी स्वतःच पोलिसांना फोन केला होता. जबाब घेऊन त्यांनी वयाकडे पाहून घरी सोडलं. उद्या दहाला पुन्हा बोलावलंय. वकील म्हणतो, "त्यानं आधी हल्ला केला असं सांगा." त्यानं दगडावर केला. माझ्यावर नाही.
सेल्वमचा फोन. "सार, आता कुठला दगड?" मी फोन ठेवला.

२२ मार्च
आठ वाजलेत. धुतलेला शर्ट घालून बसलोय. रुक्मानं इडल्या वाढल्या. म्हणाली, "त्यानं लाथ मारली तेव्हा मी असते तर मीही मारलं असतं." मग चटणी वाढताना, "पण पोरीसमोर नाही."
मीनू परवापासून तिच्या पदराआड. मघाशी बूट घालताना मी हाक मारली, "मीनू, ये गं."
तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि खाली बसली.