माठाला कावीळ

४ ऑगस्ट, सोमवार

गोपिकाचा आवाज सकाळपासून कानात आहे. गावच्या शाळेत आम्ही चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायचो. ओळ संपली की सगळे थांबत. माझी धाकटी बहीण तेवढी शेवटचा शब्द ओढत राही. गुरुजी हसायचे. एका श्रावणात तिचे डोळे पिवळे झाले. काविळीची माळ घातली. माळ बेंबीपर्यंत उतरली तेव्हा घरात पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी गोपिका गेली.

पासष्ट वर्षं झाली! आणि काल नागपुरात, नंदनवनातल्या माझ्याच घरात, माझ्या नातीच्या, खुशीच्या डोक्यावर तीच माळ. "माळ उतरेल तशी कावीळ उतरेल. ती गळून पडेपर्यंत दवाखाना नाही, गोळी नाही" — माळ देणाऱ्या बाबारावांचा हुकूम. श्वेता, माझी सून, एम.कॉम. आहे! म्हणते, "बाबा, माह्या माहेरी सगळ्यायले यानंच बरं वाटलं."

बरं वाटलं ते बोलले. गेले ते कुठून बोलणार?

५ ऑगस्ट

माळ कानांवरून गळ्यात आली. सुनेनं हात जोडले. मी ओरडलो. ऋषिकेश — माझा मुलगा! — म्हणाला, "बाबा, तुम्ही काहून मधात पडता? श्रद्धा नसली तर गुण येत नाही."

म्हणजे पोरगी बरी झाली तर माळेचं नाव, नाही झाली तर माझं!

६ ऑगस्ट, बुधवार

वजनमापे खात्यात तीस वर्षं इतवारी बाजारातले तराजू तपासले. खोटं माप मला लांबूनच ओळखू येतं. बाबाराव रविवार-बुधवार माळा द्यायला तिथेच बसतात. गेलो. "मलेच कावीळ झाली," म्हटलं. खोटं बोललो, लाज वाटली नाही. त्यांनी माझे डोळेसुद्धा पाहिले नाहीत. "विश्वास ठेवा, साहेब. शंका घेतली की माळ रुसते."

रुसते म्हणे! ओल्या काड्यांचे तुकडे आणि दोऱ्याच्या गाठी. घरी आणून माठाच्या गळ्यात घातली. मोजली — बावीस इंच.

७ ऑगस्ट

एकोणतीस इंच! काड्या वाळतात, आकसतात, गाठ सैल पडते, दोरा सुटतो. एवढंच. एवढ्यासाठी गोपिका!

ऋषिकेशला ओढत आणून दाखवलं. "पाय इकडे, माठाले कावीळ झाली!"

श्वेता म्हणाली, "थट्टा नका करू बाबा, पोरीवर येईल." त्यानं मात्र फूटपट्टी घेऊन माळ पुन्हा मोजली. मग म्हणाला, "रविवारपर्यंत पाहू."

त्याला बापाची भीती नाही, अक्कलही नाही. भीती आहे ती वाळक्या काड्यांची!

८ ऑगस्ट

दुपारी खुशीला तिची आवडती कविता म्हणायला लावली. मीच शिकवलेली, झोपेतही चुकत नाही. आज दुसरं कडवं आधी, मग पहिल्यातली अर्धी ओळ, मग गप्प. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही शाळेत काहून आले?"

ती पलंगावर होती. गोपिकाही शेवटी अशीच बोलत होती.

राग कुठल्या कुठे गेला. ऋषिकेशला म्हटलं, "माळ मोजू नको. पोरीले आज वार कोणता ते विचार." त्यानं विचारलं. ती नुसती पाहत राहिली.

त्यानंच कात्री आणली.

धंतोलीचा दवाखाना. डॉक्टरीणबाई — "इतके दिवस काय करत होता तुम्ही?" श्वेता माझ्या खांद्यावर रडली. मला बोलायचं होतं. खूप.

१४ ऑगस्ट

खुशीनं कविता ओळीनं म्हटली. शेवटचा शब्द ओढला!

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी बेल वाजली. बाबाराव! माळा द्यायच्या दिवशी हा माणूस माझ्या दारात. दहा दिवस मनात घोळवलेल्या शिव्या तोंडाशी आल्या.

"साहेब, सूनबाईंकडून कळलं, नात बरी झाली म्हणे. त्या धंतोलीच्या डॉक्टरीणबाईचा पत्ता द्या ना."

मागे ऑटोत त्याची बायको, शोभाताई. डोळे हळदीसारखे.

गळ्यात माळ नव्हती.