काठोकाठ भरलेला गिलास

पांढुर्णा, मंगळवार, नोव्हेंबर १९८६

घरीच लाकूड चिरायची आरामशीन बनवून राहिलो, पण पात्याची चौकट सरळ वर जाईचना. चौकट उचलणारे दोन बाजूंचे, स्क्रूसारख्या आट्यांचे दांडे वेगवेगळे फिरवले की ती तिरपी अडकायची. अशानं संत्र्याच्या पेटीची फळी एकीकडे जाड, एकीकडे पातळ निघंल.

आज दोन्ही दांडे सायकलच्या चेनीनं जोडले. चौकटीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला गिलास ठेवला अन् बायकोला म्हटलं, "शांता, फिरव हँडल."

तिनं एका हातानं फिरवलं. एवढं जड धूड छातीइतकं वर आलं! गिलासातला थेंबही सांडला नाही. हे मी केलं? खरंच?

शांता म्हणाली, "झालं का जी? मले तहान लागली." तिनंच चौकट खाली आणली, पाणी पिऊन टाकलं.

मी अजून त्या रिकाम्या गिलासाकडेच पाहून राहिलो.