मला खुनी आधीच ठाऊक होता

प्रिय अण्णा,

काल रज्जाकचाचा आले होते. मांजरसुंब्याच्या चौकात ट्रक लावून आपल्या ढाब्यात शिरले, तुमचा हार घातलेला फोटो पाहिला आणि तिथंच उभे राहिले. दोन वर्षं ते दक्षिणेकडच्या फेऱ्या मारत होते. तुम्ही गेल्याचं त्यांना कुणी कळवलं नव्हतं. म्हणजे मीच कळवलं नव्हतं. नंबर होता माझ्याकडं.

मग ते मागच्या बाजेवर जाऊन बसले. मी पंख्याखालच्या पुढच्या बाजेवर बसा म्हटलं, तर म्हणाले, "न्हाई बेटा. ती तू जिंकलेली हाय."

म्हणून आज लिहायला बसले. आता आणखी टाळता येणार नाही.

आठवतं ना अण्णा? दुपारची गर्दी ओसरली की तुम्ही टीव्ही लावायचात. हिंदीत डब केलेले, कॉलेजच्या पोरांचे ते खुनाचे पिक्चर! एकेक पोरगं मरायचं, आणि जाहिरात लागली की तुम्ही कढईवर झारा वाजवून विचारायचात, खुनी कोण? प्रत्येक ड्रायव्हरनं एक नाव सांगायचं, कारणासकट. ज्याचं बरोबर त्याची पुढची बाज. ती बहुतेक चाचांचीच असायची.

त्या दिवशी सगळे पिक्चरमधल्या लंगड्या वॉचमनकडं बोट दाखवत होते. चाचांनी मास्तरचं नाव घेतलं. मी म्हटलं, सगळ्यांत जास्त रडणारी मैत्रीण. आणि कारणं किती दिली! तिचे बूट ओले आहेत, ती दाराकडं बघतच नाही, मेलेल्या पोराचं नाव तिनं कुणी सांगायच्या आधीच घेतलं. निघालीही तीच. तुम्ही झारा खाली ठेवलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "फौजदाराची नजर हाय माझ्या पोरीची." चाचा हसत उठले आणि बाज मोकळी करून दिली.

अण्णा, तो पिक्चर मी आदल्या दिवशीच तुमच्या फोनवर पाहिला होता.

संध्याकाळी सांगणारच होते, पण तुम्ही येईल त्या गिऱ्हाइकाला तीच गोष्ट सांगत होता. दुसऱ्या दिवशी बीडहून फौजदारकीच्या परीक्षेची पुस्तकं घेऊन आलात. मग कसं सांगायचं होतं मी? ट्रकांच्या पाठीवरची अक्षरं दाखवत तुम्हीच मला वाचायला शिकवलंत. चुकलं तर "परत बघ" एवढंच म्हणायचात. तरी मी घाबरले. पण सगळ्यांना उलटे प्रश्न विचारणारे तुम्ही, मला एकटीलाच का नाही विचारलंत?

खोटं बोलले याहून मला त्या कारणांची जास्त भीती वाटते. नाव आधी ठाऊक असलं की कारणं किती पटापट सापडतात! बूट तर त्या पिक्चरमध्ये सगळ्यांचेच ओले होते, पाऊस पडत होता. उद्या अंगावर वर्दी असताना मी असंच केलं तर?

काल चाचांना सगळं सांगितलं. ते बशीतला चहा फुंकत राहिले. मग म्हणाले, "आन् दोन साल माज्या बाजंवर कोण बसलं?"

कुणीच नाही, मी म्हटलं. मला तिथं बसवलंच नाही. हे आईनं चुलीपाशी बसून ऐकलं आणि म्हणाली, मी इचारून थकले, ही तिथं का बसत न्हाई म्हणून.

"लाव टीव्ही," चाचा म्हणाले.

दोघांनीही न पाहिलेला पिक्चर शोधला. मी फोन आईच्या हातात दिला. जाहिरात लागली तेव्हा झारा चाचांनी वाजवला. मी सावत्र भावाचं नाव घेतलं आणि खरं तेच सांगितलं, कारण एकच आहे, तेही कच्चं. चाचांनी आत्याचं नाव घेतलं. खुनी भलताच निघाला, सगळ्यांचे फोटो काढत फिरणारा मित्र. चाचा लई हसले. आम्ही दोघं मागच्या बाजेवर जेवलो. पुढची रिकामीच राहिली.

पुढच्या रविवारी पहिला पेपर आहे. मी देणार आहे, अण्णा. तुम्ही मला ज्या नजरेच्या भरवशावर पाठवत होता ती माझ्याकडं नाही. पण परत बघायला तुम्ही शिकवलंय, तेवढ्यावर जाते.

आणि वर्दी मिळालीच, तर हा शब्द तुम्हाला देते. सगळं गाव एखाद्या लंगड्या वॉचमनकडं बोट दाखवत असेल, तेव्हा मी आधी त्याला पाणी देईन. मग कुणाकुणाचे बूट ओले होते ते लिहीन, सगळ्यांचे. नाव सगळ्यांत शेवटी.

तुमची,
मागच्या बाजेवरची अश्विनी