लॅपटॉपच्या तोंडात तूप

१२ मे, मंगळवार
आला! नवा लॅपटॉप! पापडासारखा पातळ. जुना धोंडा आईला देऊन टाकला — चक्क्यावर वजन म्हणून ठेवलाय. शनिवारी चुलतभावाच्या लग्नात सूत्रसंचालन माझ्याकडे. सगळी नवी गाणी यातच भरली. पाहुणे बघतच राहतील!

१३ मे
घात झाला! आमच्याकडे बाळ जन्मलं की आई तूप चाटवते. गल्लीतल्या सगळ्या पोरांना तिनेच चाटवलंय. आज लॅपटॉपलाही चाटवलं! त्याला तोंड एकच — तेच चार्जरचं. मला पत्ता नाही, मी वायर खुपसली. फट्!!
"आई, हे काय केलंस?"
"मग काय करू? लग्नाला तुमच्या सहा वर्षं झाली. पाळणा हलेना, तूप चाटवू कुणाला? हा तर हा!"
जिपार आत गेली. बायको माझी गुणाची, पण तिलाही लागलंच असणार.

१४ मे
दोर्दोय बाजारात सापरकडे गेलो. दुरुस्तीत त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याने कसंबसं उघडलं आणि कपाळाला हात लावला. बॅटरी चिकटवलेली. मेमरी, डिस्क, सगळं एकाच पाटीवर कायमचं झाळून जोडलेलं.
"एक जळलं की सगळं जळलं, बाबा."
"आणि गाणी?"
"गाणीपण. तूप कसलं होतं?"
"याकचं."
"अरेरे! उरलंय का थोडं?"
मेल्याला तुपाचं पडलंय!

१५ मे
जुना धोंडा चक्क्यावरून उचलला. आई ओरडली, "अरे, पाणी निथळायचंय अजून!" सापरने चार स्क्रू काढले, झाकण दूर. मेमरी वाढवली, बॅटरी बदलली, की चालू! गेल्या वर्षीची गाणी जिथल्या तिथे. सापरचा मुका घ्यावासा वाटला.
घरी आलो तर आई दारात, बरणी घेऊन. "पुन्हा नवा झाला ना?"
माझं डोकंच फिरलं. "या घरात तूप दिसता कामा नये!"
तिचा चेहरा एवढासा झाला. जिपारने बरणी उचलून नेली. फार वाईट वाटतंय.

१६ मे, शनिवार
लग्न झोकात! जुन्या गाण्यांवर म्हातारे खुर्च्या सोडून नाचले. फक्त माझ्या टेबलाला दह्याचा वास येत होता.

१७ मे
बरणी पुन्हा फडताळात! आईवर ओरडणार, तोच जिपार म्हणाली, "मीच ठेवली. हिवाळ्यात लागेल."
"मी काही नवं घेणार नाहीये!"
ती पोटावर हात ठेवून नुसती हसली.
आई चुलीपाशी आहे. बरणी घेऊन तिला सांगायला उठलोय.