बुडालेल्या जहाजातलं भांडं

१६ जानेवारी, मंगळवार

सावेडीत ज्यांच्याकडं स्वयंपाकाला जाते त्या ताईंनी आज मोबाईलवर समुद्रात बुडालेलं बंदर दाखवलं. हजारो वर्षांपूर्वीची जहाजं, गाळात लाकूड तसंच राहिलेलं. एक भांडंपण निघालं. त्याच्या बुडाला काजळी अजून हाय. म्हणजे जहाजावर कुणीतरी रांधत होतं. आमचा शमुवेलपण जहाजावर रांधायलाच गेला होता. ते बुडालं, पोरगं सापडलं न्हाई. ताईंना हे मी कधी सांगितलेलं नाही.

विचारलं, "आणि माणसं?"

"माणसं कुठली उरतात, मावशी!"

काजळी उरते अन् माझं लेकरू उरत न्हाई? हा कुठला न्याय? लई राग आला. कुणावर, ते कळेना.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, "पाळकसाहेबांना सांगा. कबरस्तानात शमुवेलच्या नावाचा क्रूस लावू." आजवर मीच आडवी येत होते, मातीच न्हाई तर कबर कसली म्हणून.

 हे म्हणाले, "क्रूस करून ठेवलाय गं. नागापूरला, आमच्या वर्कशॉपात. तुला सांगायची हिंमत नव्हती."

रोज तो बघून घरी यायचे. अन् मी म्हणायचे, या माणसाला पोराचं काहीच वाटत न्हाई.